‘बघू’ म्हणजे काय?

ऋजुताची आई मेथी निवडत मीटिंगला बसली होती. स्क्रीनवर खांद्यांपासून वरचंच दिसतं, मग मांडीवर परात असली काय नि नसली काय. ड्रेसच्या गळ्याला कंपनीने दिलेली अर्थकळ होती, शर्टाच्या गुंडीएवढी, करड्या रंगाची. गुरगावचे भसीन सर त्यांचं ते ऑफिसातलं इंग्रजी बोलायचे आणि कळ आईच्या कानातल्या मण्यात त्याचा मराठी अर्थ पुटपुटायची. आई मराठीत बोलली की सरांच्या कानात इंग्रजी. अंबडच्या कारखान्यात वायरिंग तपासणाऱ्या सगळ्यांना ही कळ सक्तीची होती. गैरसमज होऊ नयेत म्हणून.

दुसऱ्या कानाचा मणी ऋजुताने स्वतःच्या कानात घातला होता. नियमात बसत नव्हतं, पण दहावीत गेल्यापासून तिला सगळ्याचीच शंका यायची, आणि ती शंका बहुतेकदा खरी निघते असं तिचं ठाम मत होतं.

सुरुवातीला ही कळ भलतीच फटकळ होती. ‘सिनर्जी’ म्हणजे दोघांचं काम एकाने करणे. ‘ओनरशिप घ्या’ म्हणजे बिघडलं तर तुमच्या गळ्यात. ‘सर्कल बॅक करू’ म्हणजे हा विषय आता नको. ऋजुताने ही यादी वर्गात वाटली होती, आणि मुख्याध्यापिकांची सूचना आली की मागच्या बाकावरून अर्थ ऐकू यायचे. पण सोमवारी कळ अद्ययावत झाली आणि तेव्हापासून ती पाकात घोळल्यासारखी बोलायला लागली.

आता भसीन सर ‘राइटसाइझिंग’ म्हणाले.

“प्रत्येकाला साजेशी जागा देणे,” मणी म्हणाला.

ऋजुताने कळीवर तळहात दाबला. “आई, मागच्या आठवड्यात याचाच अर्थ ‘माणसं कमी करणे’ होता. हिला कुणीतरी पढवलंय.”

“गप गं. अर्थ सुधारला असेल.”

“अर्थ काय पेपर आहे, रीचेकिंगला टाकून सुधारायला?”

आईने तिचा हात झटकला. पडद्यावर सर ‘ट्रान्झिशन’ म्हणत होते, ‘होसूर’ म्हणत होते. मणी म्हणाला, “तामिळनाडूतल्या नव्या कारखान्यात तुमच्या अनुभवाचा सन्मान होईल.”

आईचा हात परातीतच थांबला. घरात दोघीच. ती होसूरला गेली तर ऋजुताने दहावी कुठे बसून द्यायची? पण साहेबाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आई कसनुसं हसली. “बघू, सर.”

आईचं ‘बघू’ ऋजुताला चांगलंच ठाऊक होतं. तिने स्कूटी मागितली तेव्हाही आई ‘बघू’ म्हणाली होती. त्यानंतर स्कूटीचं नावही निघालं नव्हतं.

मीटिंग संपली आणि दोन मिनिटांत गोषवारा आला. श्रीमती हेमांगी निकम यांची होसूरच्या बदलीस आनंदाने संमती. सहा वाजेपर्यंत अर्थकळीद्वारे हरकत न आल्यास निर्णय कायम.

“मी कधी हो म्हटलं?” आईचा आवाज चिरकला.

“आनंदाने म्हटलंस. हसलीस ना.”

घड्याळात पावणेसहा. आई कळ तोंडाजवळ नेऊ लागली तशी ऋजुताने तिचं मनगट धरलं. “हिला सांगशील, पण ही तिकडे काय सांगेल? काढ ती. थेट फोन लाव. हिंदीत बोल.”

“माझं हिंदी?”

“मोडकं असू दे. तुझंच असेल.”

ऋजुताने कळ आणि दोन्ही मणी तांदळाच्या डब्यात खुपसून झाकण लावलं. आईने स्पीकर सुरू करून फोन लावला, उभी राहिली, मग पुन्हा बसली.

“सर, मैं निकम. अंबड से. मैंने ‘बघू’ बोला था, ‘हाँ’ नहीं बोला. मेरे को होसूर नहीं जाना. नहीं मतलब नहीं.”

वरिष्ठाला आईने इतकं सरळ उत्तर दिलेलं ऋजुताने आजवर ऐकलं नव्हतं. पलीकडून भसीन सरांचा आवाज आला, साध्या, गोंधळलेल्या माणसाचा.

“लेकिन निकमजी, होसूर तो आपने ही माँगा था. इसी सोमवार को.”

“मैंने?”

“मेरे कान में तो यही आया. मैंने ऊपर पूछा, तो वहाँ भी सब खुश थे कि आप खुश हैं.”

ऋजुताने फोनकडे तोंड नेलं. “सर, मैं उनकी बेटी. सहा बजने में आठ मिनट है. अभी कैन्सल कर दो ना.”

“करता हूँ, बेटा, अभी करता हूँ.” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पावलं वाजली, एक दार उघडलं, आणि ती पावलं तिथेच थबकली. सर परत बोलले तेव्हा त्यांचा आवाज फार खाली आला होता.

“पर यहाँ भी सबके कान में वही मशीन लगी है. बोलूँ किससे?”