गाडीचं गुज कुणाच्या कानी?

जनावरांच्या डॉक्टर शाहीन अत्तार यांची पांढरी, विजेवर चालणारी गाडी हणमंतमामाच्या गॅरेजसमोर येऊन थांबली, तेव्हा तिच्या पडद्यावर नारिंगी अक्षरं उमटली होती: 'बिघाड आढळला आहे. तपशील कंपनीला कळवला आहे. सोलापूर केंद्रात या.'

मनवाने ती अक्षरं पुन्हा वाचली. गाडी उभी सांगोल्यात, दुखतंय तिला सांगोल्यात, आणि काय दुखतंय ते ठाऊक सोलापूरला. हे कसं काय?

मामाने बॉनेट उघडलं, इकडेतिकडे हात फिरवला, कान लावून पाहिला. जुन्या डिझेलच्या गाड्या खोकायच्या, कण्हायच्या, धूर सोडायच्या. त्यांचं आजारपण गल्लीच्या तोंडाशीच ऐकू यायचं. ही मात्र गप्प. नव्या सुनेसारखी गप्प.

अशाच गप्प गाड्यांमुळे मिरज रोडवरची बाकीची गॅरेजं एकेक करून मिटली होती. मामालाही सोलापूरच्या त्या केंद्रात नोकरी मिळत होती. पण या महिन्यात एक नवा नियम लागू झाला होता, आणि त्या नियमाखाली मामाकडे आलेली ही पहिलीच गाडी. ही दुरुस्त झाली तर गॅरेज चालू ठेवायचं, नाही झाली तर नोकरीला होकार कळवायचा, असं त्याने सकाळीच तात्यांना सांगून टाकलं होतं.

तात्या म्हणजे मामाचे वडील, मनवाचे आजोबा. गाड्यांचे संवेदक (उष्णता, दाब, वेग ओळखणारी बारीकशी उपकरणं) तयार करण्यात त्यांची हयात गेली होती. मनवाने आपलं कोडं त्यांच्यापुढे ठेवलं. तात्यांनी टायरावर बैठक मारली आणि आपलं नेहमीचं केलं, म्हणजे आधी दोन ओळी गुणगुणले:

"लेक सांगे गुज, दूरगावीच्या पाटलाला,
दारी उभी माय, तिला पत्ता नाही लागला."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. या गाडीत शेकडो संवेदक आहेत. बॅटरी किती तापली, ब्रेक किती झिजला, हे ते सतत टिपतात. टिपलेलं सगळं मोबाइलसारखंच हवेतून कंपनीच्या संगणकाकडे जातं. अशा गाडीला म्हणायचं जोडलेली गाडी (सतत इंटरनेटवर असणारी गाडी). यात वाईट काहीच नाही. बिघाड मोठा होण्याआधी कळतो, माणसं वाचतात.

"मग मामाचं दुकान का बंद पडतंय?" मनवाने विचारलं.

"दुखणं ज्याला कळतं, रोगी त्याच्याकडेच जातो ना," तात्या म्हणाले. "ते एकालाच कळत असेल, तर सगळ्या तालुक्याचे रोगी त्या एकाच्या दारात. मग तो म्हणेल तेव्हा जायचं, म्हणेल तो दर मोजायचा. त्याला घाई नाही, कारण तुम्हाला दुसरं दार नाही."

नवा नियम एवढंच सांगत होता, की गाडीची माहिती कोणाला दाखवायची ते गाडीच्या मालकाने ठरवायचं. मालक म्हणेल त्याला कंपनीने ती दाखवलीच पाहिजे. डॉक्टरबाईंनी फोन काढला. पडद्यावर चौकटी आल्या. बॅटरी आणि मोटर. ब्रेक. प्रवासाचे मार्ग. गाडीत बोललेलं. समोर टिक करायची.

मामा संकोचून दुसरीकडे बघायला लागला, म्हणाला, तुम्हाला वाटेल ते दाखवा. आता समोर उभ्या असलेल्या माणसासमोर निवडून निवडून टिक करायची, म्हणजे ताटात वाढताना हात आखडल्यासारखं. डॉक्टरबाई हसल्या. "हणमंतभाऊ, तुमच्यापासून काय लपवायचंय?" असं म्हणून त्यांनी सगळ्याच चौकटींवर टिक केली.

गॅरेजच्या भिंतीवरचा पडदा उजळला. बॅटरी गार ठेवणाऱ्या द्रवाचा पंप जोरात फिरत होता, तरी द्रव पुढे सरकत नव्हता. मामाचा चेहरा उजळला. आणि तेवढ्यात खाली नकाशा उघडला. निळ्या रेघा. सांगोला ते सोलापूर, सांगोला ते सोलापूर, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला कंपनीचं केंद्र.

गेल्या वर्षभरात गाडी दिसत नाही म्हणून मामाने विचारलं, की डॉक्टरबाई म्हणायच्या, गाडी बहिणीकडे ठेवलीय.

मामाने एक निळी रेघ बोटाने टोकापर्यंत नेली.

"बहिणीचं घर बरंच मोठं दिसतंय," मामा शेवटी म्हणाला.

डॉक्टरबाईंचे कान लाल झाले. हळू आवाजात त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. गाडी तुम्हाला काही सांगतच नव्हती. मी जायचं कुठे?"

मामाने मान हलवली. राग गेला होता, पण टोचणी उरली होती. मनवाला वाटलं, माहिती उघडल्यावर सगळं छान होणार होतं ना?

"उघडायला हवं होतं, पण एवढं नाही," तात्या म्हणाले. डॉक्टरांना आपण जीभ दाखवतो, घरातलं कपाट नाही दाखवत, असं त्यांनी मनवाला समजावलं. दुरुस्तीला लागतं तेवढं दाखवायचं. बाकीचं मालकाचं खासगी (फक्त स्वतःपुरतं). आणि तसं वागणं म्हणजे अविश्वास नव्हे.

डॉक्टरबाईंनी फोन मनवाच्या हातात दिला. मनवाने त्यांना विचारून एकेक टिक काढली. गाडीत बोललेलं गेलं, मार्ग गेले, निळ्या रेघा पुसल्या. उरला पंप.

मामा आता त्याच्याकडेच बघत होता. पंप फिरतो आणि द्रव सरकत नाही, म्हणजे नळीत हवा अडकलेली. डिझेलच्या गाड्यांतही असंच व्हायचं. त्याने नळीचा छोटा बोल्ट सैल केला. फुस्स करून हवा सुटली, मग बुडबुडे आले, मग एकसंध हिरवी धार. पडद्यावरचा बॅटरीच्या उष्णतेचा आकडा खाली येऊ लागला आणि गाडीतली नारिंगी अक्षरं मावळली.

डॉक्टरबाईंना शेळ्यांना लस टोचायला वस्तीवर जायचं होतं. निघताना त्या म्हणाल्या, की यापुढे बहिणीकडे जायचं झालं तर बसने जाईन. तात्या पोट धरून हसले. मामाने सोलापूरला फोन लावला आणि येणं जमणार नाही असं सांगितलं.

दुपारी एक ट्रॅक्टर आला. तोही जोडलेला, तोही गप्प. त्याचे मालक भानुदासकाका फोन पुढे करत घाईने म्हणाले, "सगळ्यावर टिक करू का गं पोरी?"

"नको काका," मनवा म्हणाली. "ट्रॅक्टरचं काय दुखतंय, तेवढंच दाखवा."