टाट्राचा आवाज मागून येतो

ह्यांचं घड्याळ आणि पान्यांची पेटी आणायला मी कुवेत शहरातल्या दस्मानला गेले होते. तेवढंच काम होतं. नवरा गेल्यावर बायकोचा इकामा, म्हणजे तिथे राहायची परवानगी, टिकून टिकून किती टिकणार? मंगफच्या आमच्या फ्लॅटमधलं सामान बांधून झालं होतं. पुण्याहून शलाका, आमची मुलगी, रोज फोन करायची. "आई, जस्ट कम होम," एवढंच म्हणायची.

दस्मानला ह्यांचे मित्र यूसुफ राहायचे. सत्तरीचे कुवेती गृहस्थ. त्यांचे वडील मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत असायचे, त्यामुळे हिंदी छान बोलत. मला भाभी म्हणत. त्यांच्या गॅरेजात एक टाट्रा उभी होती. टाट्रा म्हटलं की आपल्याला लष्कराचे ट्रक आठवतात, पण ही मोटार होती. झेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट राज्य होतं तेव्हा तिथल्या बड्या साहेबांसाठी बनवलेली, काळी, लांबलचक. इंजिन मागे, डिकी पुढे. रेडिएटर नाही, पाणी नाही, सगळा कारभार वाऱ्यावर. हे कंपनीत इंजिनियर, पण शुक्रवार उजाडला की तिच्यापाशी. मी तिला सवत म्हणायचे.

"चालू होऊ दे, पद्मा. पहिली चक्कर तुझीच," असं हे म्हणत.

ती काही चालू झाली नाही. आणि एके दिवशी प्लांटवर ह्यांच्या छातीत कळ आली, ते घरी आलेच नाहीत.

यूसुफनी पेटी माझ्या हातात दिली नाही. गॅरेजच्या दाराशी थांबून हळूच म्हणाले, "भाभी, गाडी चालू हो गई."

"कुणी केली?"

"मैंने कुछ नहीं किया. सिर्फ चाबी घुमाई..."

बाहेर दुपार होती, पण आभाळ पिवळं पडत चाललं होतं. धूळ येणार हे दिसत होतं. तरी मी गाडीत बसले. कशी नाही बसणार?

आत जुन्या कातड्याचा वास होता. यूसुफनी किल्ली फिरवली आणि आमच्या पाठीमागे काहीतरी जागं झालं. खोल, एकसारखी घरघर. पुढून एवढासाही आवाज नाही. आपण बसलोय आणि कुणीतरी मागून आपल्याला हलकेच ढकलत नेतंय, असं वाटत होतं.

समुद्रालगतच्या रस्त्याला लागलो आणि धुळीनं गाठलं. आधी इमारती गेल्या, मग दिव्याचे खांब, मग पुढची गाडी. काचेवर वाळू सरसरत होती. आणि तेवढ्यात लवंगेचा वास आला.

हे सिगारेट सोडल्यापासून दाढेखाली लवंग धरत.

मी मागे वळून पाहिलं नाही. मानच वळेना. मागच्या सीटची स्प्रिंग दबल्याचा आवाज आला, नंतर ते ओळखीचं घसा खाकरणं. माझ्या मानेवर ऊब आली. खोटं वाटेल, पण मला भीती नाही वाटली. किती दिवसांनी अंगातली कुडकुड थांबली होती.

"पद्मा... जायचं ना पुढे?"

"हो," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले.

गाडीनं वेग घेतला.

"भाभी..." यूसुफचा आवाज चिरकला. "मेरा पाँव ब्रेक पे है..."

मी पाहिलं. त्यांनी ब्रेक पार तळापर्यंत दाबला होता. स्टीअरिंग त्यांच्या मुठींतून आपसूक फिरत होतं, उजवीकडे, आणि उजवीकडे समुद्र होता. काचा बंद असूनही लाटांचा आवाज जवळ जवळ येत होता. यूसुफ ओठांतल्या ओठांत अल्लाचं नाव घेत होते. त्यांच्या घरी नातवंडं होती. मघाशी दारातच माझ्याकडे बघून हसली होती.

मला जायचं होतं. आता काय लपवू, मला अगदी मनापासून जायचं होतं.

"अहो," मी म्हणाले, "थांबवा. यूसुफभाईंना घरी जाऊ द्या."

काहीच झालं नाही.

"अहो... ऐका ना माझं."

मागे एक लांब श्वास सुटला. घरघर बसत बसत थांबली. आम्ही उतरलो तेव्हा पुढची चाकं किनाऱ्याच्या दगडांवर चढलेली होती आणि खाली पाणी आपटत होतं. मागची सीट रिकामी होती. तिच्यावर धूळसुद्धा नव्हती.

दोन दिवसांनी मी नाशिकला, आमच्या जुन्या घरी आले. यूसुफनी टाट्रा ओढून नेऊन गॅरेजात बंद केली, बॅटरी काढून ठेवली.

काल दुपारी त्यांचा फोन आला. दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "भाभी, आप कुवेत कब आईं?"

"मी? मी नाशिकलाच आहे, यूसुफभाई. घरात."

त्यांच्या मागे कुठेतरी ती घरघर चालू होती, एकसारखी. आणि तिच्यात मिसळून एक बाई हसत होती. सुखानं, तोंडावर पदर धरून हसावं तसं.

ते हसू माझं होतं.