आत्याच्या गाडीवरची वर्तुळं

तन्मयीने टॉर्च डावीकडे नेला, वर्तुळं डावीकडे सरकली. उजवीकडे नेला, तीही मुकाट उजवीकडे आली.

शेडचं दार लावून घेऊन ती अंधारात मोरपंखी गाडीच्या बॉनेटसमोर उभी होती. टॉर्चच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, गोल गोल रेघा चमकत होत्या. आता ओरखडा कधी जागचा हलतो का? जिथे पडला तिथेच तो राहणार. पण हे ओरखडे तर दिव्यामागून धावत होते.

अकरा वर्षांच्या तन्मयीला एरवी कोडी आवडायची. कोडं घातलं की जेवणसुद्धा विसरायची. हे कोडं मात्र तिला नकोसं वाटत होतं, कारण गाडी ऋतुजा आत्याची होती आणि आज संध्याकाळी ती दुसऱ्याच्या दारात जाणार होती.

ऋतुजा आत्या जनावरांची डॉक्टर. आटपाडीच्या परिसरात तिला ओळखत नाही असा मेंढपाळ सापडला नसता. रस्त्यांवर आता आपली आपण चालणारी वाहनं आली होती. त्यांना नकाशात दाखवलेली जागा बरोबर सापडायची, पण मेंढ्यांचे तळ आज इथे तर उद्या तिथे, ते कुठल्या नकाशात असणार? म्हणून आत्या ही हाताने चालवायची जुनी गाडी घेऊन माळरान तुडवायची. गेल्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आत्या गेली. घर सुन्न झालं.

तेव्हापासून तन्मयी रोज शाळेआधी शेडमध्ये यायची. कोरडं फडकं घ्यायची आणि गाडीवरची धूळ पुसायची. माणदेशातली धूळ ती, रात्रीत पुन्हा बसायची आणि ही सकाळी पुन्हा पुसायची. आत्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. एवढं करूनही गाडी मात्र दिवसेंदिवस मलूल होत चालली होती. मोरपंखी रंगावर जणू कुणी ताकाचा हात फिरवला होता.

दार करकरलं. आबा आत आले आणि त्यांच्यामागून मंदा.

आबा म्हणजे आत्याचे वडील, तन्मयीचे आजोबा. त्यांनी सारी हयात पृष्ठविज्ञानात (वस्तूंच्या अगदी वरच्या पापुद्र्यात काय घडतं याच्या शास्त्रात) घालवली होती. मंदा म्हणजे त्यांनी घरीच बांधलेला यंत्रमानव. कमरेइतकी उंच, दोन लांब हात, आणि कामात अशी सावकाश की आबांनी बारशालाच तिचं नाव मंदा ठेवलं. पण एकदा केलेलं काम तिला पुन्हा करावं लागत नसे.

"आबा, हिला परत नवा रंग द्या," तन्मयी म्हणाली. "रंगच उडालाय. आणि कुणीतरी हिला गोल गोल घासलंय. मी नाही हं! मी कधी आडवं पुसते, कधी उभं, कधी तिरपं. गोल कधीच नाही."

"नवा रंग? म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला," आबा म्हणाले. "रंग आहे तिथंच आहे. मंदा, हिला दाखव."

मंदाने बॉनेटवर एक छोटं भिंग टेकवलं. समोरच्या भिंतीवर उजेडाचं चित्र उमटलं. जमिनीत विहीर खणली की कडेला मातीचे थर दिसतात, तसे थर होते.

"तळाशी पत्रा," मंदा सांगू लागली. "त्यावर अस्तर, म्हणजे पत्रा गंजू नये आणि रंग धरून राहावा यासाठी दिलेला थर. त्यावर मोरपंखी रंग. आणि सर्वांत वर बिनरंगी, पारदर्शक थर. या थराची जाडी अडतीस सूक्ष्ममीटर आहे." (सूक्ष्ममीटर म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर सूक्ष्ममीटर जाड असतो.)

"फक्त अर्ध्या केसाएवढा?"

"तेवढाच," आबा म्हणाले. "गाडीची सगळी झळाळी त्या अर्ध्या केसात असते. तो थर गुळगुळीत असला की त्यावर पडलेले किरण एकजुटीने परत फिरतात. त्याला परावर्तन म्हणतात. म्हणून गाडीत तुझा चेहरा दिसतो. थर खरबरीत झाला की किरण पांगतात, कोण कुठे, कोण कुठे. पांगलेला उजेड डोळ्यांना पांढुरका दिसतो. रंग बिचारा त्याच्याखाली शाबूत असतो."

"मग ती वर्तुळं कुणी काढली?"

मंदाच्या पेटीतून आबांनी याच रंगाची, याच थराची एक कोरी नमुन्याची पट्टी काढली आणि तन्मयीच्या हातात दिली. सोबत तिचंच फडकं.

"पुस. तू रोज पुसतेस तशी. थोडी धूळ घे खालची."

तन्मयीने पट्टीवर चिमूटभर धूळ भुरभुरवली. उभं पुसलं, आडवं पुसलं, तिरपं पुसलं. गोल एकदाही नाही. मग आबांनी टॉर्च धरला. पट्टीवर प्रतिबिंबाभोवती वर्तुळं उमटली होती. त्यांनी टॉर्च हलवला, वर्तुळं हलली.

"प्रत्येक ओरखडा ही एक बारीक चरी असते," आबा सावकाश म्हणाले. "उजेड चरीवर आडवा आला की तिच्या काठावर आपटतो आणि तुझ्या डोळ्यांत येतो. चरीच्या लांबीने आला की सरळ निघून जातो, मग ती चरी दिसत नाही. इथे ओरखडे सगळ्या दिशांचे आहेत, हजारोंनी. पण प्रतिबिंबाच्या वरच्या-खालच्या बाजूला आडवे तेवढेच उजळतात. डाव्या-उजव्या बाजूला उभे. मधल्या कोपऱ्यांत तिरपे. बाकीचे अंधारात. उजळलेले तुकडे आपला डोळा जोडतो आणि त्याचं वर्तुळ करतो. दिवा सरकला की दुसरे ओरखडे उजळतात. आपल्याला वाटतं, वर्तुळच सरकलं."

कोडं सुटलं होतं. तन्मयीने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. उभे, आडवे, तिरपे. तिने आपल्या तोंडानेच सांगितलं होतं.

"म्हणजे हे मी केलं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "रोज मीच केलं."

"धूळ म्हणजे दळलेला दगड, तनू. फडकं मऊ असतं, पण फडक्याखाली दगड असतो. आधी पाणी सोडून धूळ वाहवून लावायची, मग मऊ ओल्या कापडाने हलकेच पुसायचं. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं, पण मला या शेडमध्ये पाऊल टाकवत नव्हतं."

तन्मयी रडली. आपण मायेने एक करायला जावं आणि व्हावं भलतंच, यासारखं दुःख नाही. आबांनी तिला रडू दिलं.

संध्याकाळी डॉक्टर निलोफर मुजावर येणार होत्या. तालुक्याला नव्याने आलेल्या जनावरांच्या डॉक्टर. त्यांनाही माळावर जायला हाताने चालणारी गाडीच हवी होती, आणि आबांनी ही गाडी त्यांना द्यायचं कबूल केलं होतं. तन्मयीला ते पटत होतं आणि पटतही नव्हतं. गाडी पॉलिश होईल, नव्यासारखी होईल, आणि आत्याचं म्हणून तिच्यावर काहीच राहणार नाही, ही धास्ती तिच्या मनात सकाळपासून घर करून होती.

गाडी धुऊन झाली आणि मंदाने पॉलिशची फिरती गादी हातावर चढवली. गादीला पांढरट मलम लावलं.

"या मलमाने चऱ्या भरून निघतात का?" तन्मयीने डोळे पुसत विचारलं.

"सगळ्यांना तसंच वाटतं," आबा म्हणाले. "शेतात चरी पडली, तर आपण माती टाकून ती बुजवतो. इथे वरून टाकायला माती नाही. मग चरी नाहीशी कशी करायची? अख्खं शेत चरीच्या तळाइतकं खाली उतरवायचं. या मलमात पिठाहून बारीक कण असतात. ते थर खरवडतात, पण इतका हलका की मागे दिसणारा ओरखडा राहत नाही. पॉलिश म्हणजे काढणं. घालणं नव्हे."

"म्हणजे पुन्हा पुन्हा केलं तर..."

"तर अर्धा केस संपेल. मग उन्हातले अतिनील किरण (डोळ्यांना न दिसणारे, पण रंग आणि कातडी करपवणारे किरण) थेट रंगाला भिडतील. म्हणून जेवढं गरजेचं तेवढंच काढायचं. फार खोल ओरखडे तसेच सोडायचे. त्यांच्यापायी सगळा थर घालवायचा नाही."

गादी गुणगुणू लागली. मंदा वीतभर जागा करायची, थांबायची, थर मोजायची, पुढे सरकायची. बॉनेटवरची ताकाची छटा विरत गेली आणि खालून मोरपंखी रंग असा वर आला की तन्मयीला आत्या गाडी धुऊन दारात लावायची ते दिवस आठवले. तिला बरं वाटलं आणि वाईटही.

दुपार कलली. चालकाच्या दाराशी मंदा थबकली.

"आबा, इथे मुठीमागच्या वाटीत ओरखडे आहेत. हे धुळीचे नाहीत. वर्तुळातही बसत नाहीत. सगळे एकाच दिशेचे आहेत. थर पुरेसा जाड आहे. काढू?"

दार उघडताना बोटं मुठीमागे जातात, तिथे पत्र्याला वाटीसारखा खोलगट भाग असतो. तन्मयी वाकली आणि तिने टॉर्च धरला. नखांच्या पुसट रेघा होत्या, एकावर एक पडलेल्या. त्यांच्यात एक रेघ खोल होती, टोकाशी किंचित वाकलेली.

"आबा, ही आत्याच्या पोवळ्याच्या अंगठीची!" ती म्हणाली. "ती घाईत असली की दार असं हिसका देऊन उघडायची."

आबा गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसले. त्यांनी त्या वाकड्या रेघेवरून बोट फिरवलं. "शेवटी शेवटी तिला सारखीच घाई असायची," ते म्हणाले. "कुणाची गाय अडलेली, कुणाची मेंढी. काढ, मंदा. दुसऱ्याला वस्तू द्यायची ती स्वच्छ द्यावी."

"नको!" तन्मयी दारासमोर आडवी झाली. "आबा, बाकी सगळं काढा. माझे सगळे ओरखडे काढा. हे नको."

"तनू, नीट ऐक. पॉलिश झालं की आपण संरक्षक लेप देणार. तो वाळूतल्या सिलिकापासून केलेला असतो. ओला असताना पाण्यासारखा पातळ, वाळला की काचेसारखा कठीण. पण तो पारदर्शक असतो. लेप काही झाकत नाही. खाली जे असेल ते जसंच्या तसं धरून ठेवतो, चांगलं असो की वाईट. आज ठेवलंस ते राहील. उद्या नको वाटलं तर आधी लेप खरवडावा लागेल. म्हणून लेपाच्या आधीच ठरवायचं असतं, काय काढायचं आणि काय ठेवायचं."

तन्मयीने डोळे मिटले. रोज सकाळी ती काय पुसत होती आणि काय राखू बघत होती, हे तिला आता कुठे कळलं. झळाळी तर मंदा परत आणू शकत होती. ही एक वाकडी रेघ गेली, तर जगातल्या कुठल्याही यंत्राला ती परत आणता आली नसती.

"ठरवलं," ती म्हणाली. "ही ठेवायची. डॉक्टरांना मी सांगते."

आबांनी मान हलवली. मंदाने गादी उतरवली. स्पिरिटच्या कापडाने तिने साऱ्या गाडीवरचा मलमाचा तेलकटपणा काढला, नाहीतर लेप धरला नसता. मग थेंब थेंब लेप घेऊन पसरला. मुठीमागच्या वाटीतला लेप मात्र तिने तन्मयीला लावू दिला. तन्मयीने करंगळीला मऊ कापड गुंडाळून तो लावला, श्वास रोखून. मंदाने आपल्या छातीतला अतिनील किरणांचा जांभळा दिवा लावला आणि त्या उजेडात लेप हळूहळू घट्ट झाला.

डॉक्टर मुजावर आल्या तेव्हा आबा गाडीवर तांब्याने पाणी ओतून दाखवत होते. पाणी कुठे पसरतच नव्हतं. त्याचे टपोरे मोती होऊन धुळीला सोबत घेऊन घरंगळत होते.

तन्मयी पुढे झाली. तिने त्यांना आधी पाणी, मग ओलं कापड, कोरडं फडकं कधीच नाही, हे सगळं सांगितलं. शेवटी त्यांना चालकाच्या दाराशी नेलं. "इथे आम्ही पॉलिश केलेलं नाही. मुद्दाम. हे आमच्या आत्याचे ओरखडे आहेत. चालेल ना तुम्हाला?"

डॉक्टर खाली वाकल्या. त्यांनी त्या रेघा नीट बघितल्या. "माझीही नखं इथेच लागणार गं," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांचे ओरखडे खराब होतील."

"नाही होणार," तन्मयी म्हणाली. "तुमच्या रेघा लेपावर पडतील. तिच्या त्याच्याखाली आहेत."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "लेप झिजेल. कुठलाही लेप कायमचा नसतो, तो आपल्या अंगावर झीज घेतो एवढंच. झिजला की पुन्हा देऊ. तू मोठी होशील तोवर तर स्वतःचे ओरखडे स्वतःच भरून काढणारे लेप घरोघरी असतील."

"मग त्या लेपाला कोण सांगणार, आबा? कुठला भरायचा आणि कुठला नाही ते?"

"ते तुमच्यासारख्यांनी शोधून काढायचं," आबा म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. दिघंचीच्या माळावर एक मेंढी विताना अडली होती. फोनवरचा म्हातारा घाबरून मोठमोठ्याने बोलत होता. तळ कुठे आहे म्हणून विचारलं, तर बाभळीच्या अलीकडे म्हणत होता, आणि माळावर बाभळी काय थोड्या असतात?

"मला माहीत आहे ती बाभूळ," तन्मयी म्हणाली. "आत्याबरोबर गेले होते मी."

डॉक्टरांनी आबांकडे पाहिलं. आबांनी हो म्हटलं. त्या घाईने दाराशी गेल्या, मुठीमागे बोटं घातली आणि दार हिसका देऊन उघडलं. तन्मयी पलीकडून आत बसली आणि म्हणाली, "ओढ्यापर्यंत सरळ घ्या. मग मी सांगते."