यंत्रे पाहायला गेलेला वादक

क्लाइड नदीवरील 'कॉरी लास' या लोखंडी आगबोटीने वीस वर्षांपूर्वी आपल्या दोन प्रचंड चाकांच्या बळावर शर्यतीत रौप्यचषक जिंकला होता. तोच चषक आज दिवाणखान्यातील कपाटातून अदृश्य झाला, तेव्हा रॉथसेचा धक्का दृष्टिपथात आला होता.

"उतरताच पोलिसांच्या हवाली करतो याला!" कप्तान हार्डिंग गरजले. ते लिव्हरपूलचे, या बोटीवर त्यांचा हा पहिलाच आठवडा.

कपाटाशेजारी बसून व्हायोलिन वाजवणारा डूगल त्यांच्यासमोर पांढराफटक पडून उभा होता. त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा उग्र दर्प होता.

"देवाशपथ साहेब, मी यंत्रं बघायला गेलो होतो!"

ग्लासगोचे गुप्तहेर आर्चिबाल्ड गेमेल त्याच बोटीने सहलीस निघाले होते. त्यांनी आपले एडिंबराचे स्नेही टॉड यांस यंत्रघरात धाडले.

टॉड धापा टाकीत परतले आणि गेमेलांच्या कानाशी लागले. "खोटारडा आहे लेकाचा! यंत्रघरात आज चिटपाखरूही फिरकलं नाही, असं तिथला कामगार म्हणतो."

गेमेल केवळ हसले. मग ते लंडनच्या नेस्बिट नामक प्रवाशाकडे वळले. ऐन उकाड्यातही या गृहस्थांनी काखेतील घोंगडीची वळकटी खाली ठेविली नव्हती.

"आपण कुठे होतात?"

"मीही सर्वांमागून यंत्रंच बघायला गेलो. काय ती गर्दी! कठड्यावर कोपर टेकायला जागा नव्हती. हा वाजंत्री मात्र दिसला नाही."

"दट्टे कसे चालले होते?"

"वा! अगदी लयीत."

"कप्तानसाहेब, ती वळकटी सोडा," गेमेल शांतपणे म्हणाले.

घोंगडीतून चषक घरंगळला.

"अरे, पण तुला कळलं कसं?" टॉड उद्गारले.

"तू एडिंबराचा, म्हणून माफ! अरे, या नदीवर बायकांसमोर कोणी 'प्यायला जातो' म्हणतं का? 'यंत्रं बघून येतो' म्हणतात. डूगल बोटीच्या गुत्त्यात होता. तोंडातलं पेपरमिंट उगाच नाही! नेस्बिटसाहेबांनी झुंडीच्या झुंडी तसं म्हणत खाली जाताना ऐकल्या आणि ते शब्दशः खरं मानलं. म्हणून तर रिकाम्या यंत्रघरात त्यांना गर्दी दिसली!"

कप्तानांनी ओशाळून डूगलचा हात हाती घेतला. परंतु धक्क्यावर दृष्टी जाताच डूगल पुन्हा पांढराफटक पडला. तिथे त्याची पत्नी मोराग कमरेवर हात ठेवून उभी होती.

"दारू सोडल्याची शपथ घेतलीय मी तिच्यापाशी. आता काय सांगू?"

"सांग, यंत्रं बघत होतो," टॉड उत्साहाने म्हणाले.

"अहो साहेब," डूगल कळवळला, "ती इथलीच आहे!"