पिवळ्या साडीचे काठ

“वहिनी, मन्हा फ्राकवर मोर काढी दे ना व!”

बारा वर्षांपूर्वीची ती लाडिक हाक आज कोकिळेच्या काळजाला विंचवासारखी डसत होती... हीच ती पुनम! आईला सोडून वहिनीच्या मांडीवर झोपी जाणारी तिची नणंद! आणि तीच आता हळदीच्या पाटावर बसून, जळगावहून उष्टी हळद घेऊन आलेल्या आपल्या होणाऱ्या सासूला, मंदाबाईंना, हसत सांगत होती, “सुरतहून मागवली साडी. तिथल्या कारागिराचं काम आहे.”

सुरत! दोंडाईच्याच्या बाजारातली ती साधी, कोरी पिवळी साडी... तीन महिने दुपारची पाठ न टेकता कोकिळेनं तिच्यावर आरसे बसवले होते, टिकल्या जडवल्या होत्या, रंगाच्या वेली चढवल्या होत्या. गोंदानं चिकटवलेला खडा हलला तर तो दोऱ्यानं पुन्हा बांधला होता. आणि दुकानातली एकही लेस मनास येईना, तेव्हा कात्री घेऊन स्वतःच्या लग्नाच्या शालूचे जरीकाठ उतरवले होते! माहेरचं तेवढंच तर वैभव होतं तिच्यापाशी... पुनमला तिनं ते कळूही दिलं नव्हतं. सासूबाईंना, प्रमिलाबाईंना, मात्र सगळं ठाऊक होतं. पण त्याही मान खाली घालून हळदीची वाटी ढवळत राहिल्या!

ओवाळून घ्यायला पुनम उठली, पाटाच्या कोपऱ्यात पदर अडकला आणि खांद्यावरचा काठ चर्रकन उसवला.

“अगं बाई! सुरतचा टाका इतका कच्चा?” मंदाबाई म्हणाल्या.

हळद लागलेलं वस्त्र मध्येच सोडायचं नसतं. प्रमिलाबाईंनी घाईघाईनं कडुनिंबाची काडी मोडून लेकीच्या ओठांत दिली. “दातमा धर. गाठ बसस नही तोपर्यंत बोलू नको.” अंगावरचं शिवायचं तर नेसणारीनं तोंडात काडी धरून गप्प राहायचं, हा घराचा जुना नेम.

कोकिळा सुई घेऊन पुढं झाली.

“जपून हं, सूनबाई. कारागिराचं काम आहे, बिघडवाल!” मंदाबाईंनी तिला बजावलं.

कोकिळेच्या अंगाची लाही लाही झाली. टाका घालता घालता ती नणंदेच्या कानाशी झुकली. “एकच दोरा ओढसू ना पुनम, तं बठ्ठा काठ खाले पडी! मन्हा लगनना शालू कापीसन लायेल शे तो... अन तुले मन्हं नाव सांगानी लाज वाटनी?”

पुनमचे डोळे विस्फारले. काडी दातांत करकरली. बोलता येईना, हलता येईना. गालावरची हळद आसवांनी ओघळू लागली. कोकिळेच्या चिमटीत उसवलेल्या काठाचा सैल दोरा होता... ओढावा? या भरल्या मांडवात एकदाच ओढावा?

तिनं डोळे मिटले. टाका घातला, गाठ मारली, दातांनी दोरा तोडला आणि सुई पाटावर आपटली.

“बोल आता! सांग आणखी सुरतचं!”

पुनमनं काडी थुंकली. ती वहिनीकडे वळलीच नाही. मंदाबाईंसमोर ताठ उभी राहिली. जळगावकरांसाठी घोकलेली शहरी बोली तिच्या ओठांवरून केव्हाच गळून गेली होती.

“मी खोटं बोलनू, आई. घरनं काम म्हनीसन तुम्ही हसशात, म्हणून... सुरतनी नही शे हाई साडी. बठ्ठं मन्ही वहिनीनी करेल शे... तिना लगनना शालू कापीसन!”