कटौतीच्या वेळचा आवाज

“हात काढ माह्या नातीवरून,” मनकर्णाबाई दारातूनच म्हणाल्या, आणि ते गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं, कारण सकाळचे आठ वाजले होते, लाईट नुकतीच गेली होती आणि गल्लीतले सगळे लूम, कापडाचे यंत्रमाग, एकदम गप्प झाले होते.

शोभाचा हात हवेतच राहिला. खाटेवर दोन उशा एकावर एक, त्यांच्यावर सात वर्षांची तापी पालथी, डोकं खाली, कंबर वर, पाठीवर पातळ टॉवेल... आणि त्या पाठीवर गेली पाच मिनिटं शोभाचा हात पडत होता, थप् थप् थप्, एका लयीत. बाहेरून येणाऱ्याला हे कसं दिसेल याचा विचार तिनं केला नव्हता असं नाही. म्हणून तर ती रोज आतून कडी लावायची. त्या सकाळी कडी तेवढी राहून गेली होती.

“आई, तुम्ही... या ना. बसा.”

“आई नको म्हणू मले.”

मनकर्णाबाई शोभाच्या रक्ताच्या कोणीच नव्हत्या. चांदनी गावच्या या बाईंची थोरली लेक मंगला काविळीनं गेली तेव्हा तिची तापी दोन वर्षांची होती. पुढच्या वर्षी जावई अरविंद मास्तरांनी शोभाशी दुसरं लग्न केलं, तेव्हा मनकर्णाबाई स्वतः मांडवात उभ्या राहिल्या होत्या. गेलेल्या लेकीच्या जागी जी येते ती आपली लेक, ही रीत त्यांनी नुसती तोंडानं नाही, आखाजीच्या सणाच्या बोलावण्यापासून दिवाळीच्या लुगड्यापर्यंत चार वर्षं पाळली होती. शोभाचं माहेर नेपानगरला; पण आखाजीचं बोलावणं चांदनीचंच आधी यायचं. तीच बाई आज अशी दारात उभी होती, आणि तिच्या मागे, अगदी अंगाला अंग लावून, समोरच्या मालूबाई.

मालूबाईंच्या दोन खोल्यांना गल्लीकडे तीन खिडक्या होत्या आणि त्यांतली एकही हवेसाठी नव्हती. तरी त्या खोटं बोलल्या असं म्हणता येणार नाही. या गल्लीत दिवसभर लूमचा असा खडखडाट असतो की बायका एकमेकींचे ओठ वाचून भांडतात. बुऱ्हाणपूर खंडव्यापासून सुटं होऊन जिल्हा झालं, पाट्या बदलल्या, पण विजेची कटौती काही सुटली नाही. सकाळी आठ ते दहा, संध्याकाळी पाच ते सात लाईट जायची, आणि मग ज्याच्या घरातलं जे काही असेल ते सगळ्या गल्लीचं व्हायचं. तापीला आधी विजेच्या यंत्रातून औषधाची वाफ द्यावी लागे. म्हणून शोभा पावणेआठला यंत्र लावायची. वाफ संपायची, लाईट जायची, आणि कफ सैल झालेला असतानाच थोपटायचं म्हणून तिचा हात सुरू व्हायचा. नेमका तेव्हाच. मालूबाईंनी चांदनीला एवढंच कळवलं होतं: ‘लाईट गई की सावत्र आई पोरीला बडवते. रोज, दोन टाइम. और पोरगी आता रडत पण नाही, इतकी सवय झाली.’

“नानी, थांब ना,” तापी उशांवरूनच म्हणाली. “मम्मी मारत नाही. अभी डावी बाजू बाकी आहे.”

“बघा, पढवलंय,” मालूबाई हळूच म्हणाल्या. पण कटौतीत हळू असं काही राहत नाही.

“यानं छातीतला कफ सुटतो,” शोभा म्हणाली. “डॉक्टरांनीच शिकवलंय, आई.”

“कफाले ओवा राह्यते, शेक राह्यते. बडवून कफ निघते का? कोणतं दुखणं आहे, नाव सांग. कागद दाखव. आमची वंदना वाचीन.”

कागद दोन हातांवर होता, लोखंडी कपाटात, निळ्या फाईलमध्ये. दोन वर्षांपूर्वी शोभाच हट्टानं पोरीला मुंबईला घेऊन गेली होती. तिथे घामातलं मीठ तपासून त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं होतं, सिस्टिक फायब्रोसिस. कफ डिंकासारखा घट्ट होतो, आपोआप निघत नाही, तो रोज हातानं हलवून काढायचा, जन्मभर. आणि हे येतं कुठून ते समजावताना डॉक्टरांनी त्याच कागदावर आई आणि बाप अशी दोन वर्तुळं काढून दोन्हींतून एकेक बाण खाली पोरीकडे ओढला होता. दोन्हीकडून आलं तरच दुखणं. एकाकडून आलेलं माणसाला काही करत नाही... पण वंदना, मनकर्णाबाईंची धाकटी, मंगलाची बहीण, सोळा दिवसांनी लग्न होऊन रावेरच्या घरात जायची होती, आणि रावेरच्या मंडळींपर्यंत या सगळ्यातलं ‘त्या घराच्या रक्तात आहे’ एवढंच पोचलं असतं. मास्तर दोन वर्षं सासरी सांगायचं टाळत आले होते, आणि सोयरीक जमली त्या दिवशी त्यांनी तापीच्या डोक्यावर शोभाचा हात ठेवून वचन घेतलं होतं. वंदनाचं पार पडू दे, मग सांगू.

शोभानं नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर अर्ध्या गालाला साबण लावून आरशापुढे उभे होते. वाईट माणूस नव्हते. वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवायचे आणि घरी स्वतः गप्प बसायचे. त्यांनी आरशात पाहिलं. अंधुक उजेडात आरशात त्यांना काय दिसलं कोण जाणे.

“कागद नाही,” शोभा म्हणाली.

“झालं मग.” मनकर्णाबाईंनी पोरीला उशांवरून उचललं. “मी लेकीची लेक घेऊन चालली. जवाईबापू, तुम्ही मधी पडू नका.”

मास्तर पडले नाहीत.

शोभानं पिशवी भरली. फ्रॉक, पावडर, पचनाच्या कॅप्सूल. “जेवणाच्या सुरुवातीला दोन, विसरू नका. उन्हात खेळली की मीठ-साखरेचं पाणी. आणि हे यंत्र...” मनकर्णाबाईंनी कॅप्सूल घेतल्या, यंत्र खाटेवरच ठेवलं. तापी आजीच्या खांद्यावरून मागे बघत गेली, कारण तिला डावी बाजू राहिल्याचं समजत होतं. रिक्षा वळली. शोभाला वाटलं, आता आतून काहीतरी फुटेल, हुंदका तरी येईल. काही आलं नाही. तिनं टॉवेलाची घडी घातली आणि उशा जागच्या जागी ठेवल्या.

पुढचे दिवस तिच्यावरून नुसते गेले... दुःख म्हणावं तर त्याला धार नव्हती, संताप म्हणावा तर त्याला ऊब नव्हती. अंतःकरणाच्या जागी ओल्या रुईचा बोळा असावा तसं काहीतरी जड, मुकं. नेपानगरची बालवाडीची नोकरी तिनं सोडली होती. स्वतःचं मूल ‘तापी जरा सुधारू दे’ म्हणत पुढे ढकललं होतं. आणि त्याबद्दल कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती, कारण बोलायला सवड कुणाला होती. आता सवडच सवड. भाकरी थापायला बसली की पंजा आपोआप खोलगट व्हायचा, जसा पाठीवर धरायचा तसा, आणि भाकरी मधेच फाटायची. दोन दिवस मास्तरांनी तुकड्यांची भाकरी मुकाट्यानं खाल्ली. तिसऱ्या दिवशी मालूबाई वाटीभर चटणी घेऊन आल्या.

“आता कटौतीत कसं सुनं सुनं वाटतं बाई,” त्या म्हणाल्या.

“हो का,” शोभा म्हणाली.

मालूबाईंना रडणं, शिव्या, तळतळाट, सगळ्यांचं काय करायचं ते माहीत होतं. ‘हो का’चं काय करायचं ते न कळून त्या वाटी तिथेच विसरून गेल्या.

चौथ्या दिवशी मास्तर चांदनीला जाऊन आले.

“बरी आहे. खेळते. थोडी खोकते.”

“खोकून काही पडतं का?”

“ते मी नाही पाहिलं.”

“म्हणजे कोरडं खोकते. म्हणजे आत साचतंय,” शोभा म्हणाली, आणि सपाट आवाजात पुढे, “तुम्ही सांगून टाका. वचन मी दिलंय, तुम्ही नाही.”

मास्तरांनी चपला नीट जोडीनं ठेवल्या. “बारा दिवसांचा तर प्रश्न आहे,” ते म्हणाले.

तेवढे दिवस पोरीच्या फुप्फुसांनी दिले नाहीत. आठव्या दिवशी सकाळी अकराला, लूम जोरात चालू असताना, मनकर्णाबाई दारात आल्या. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. त्यांच्या खांद्यावर तापी होती, ओठ जांभळट, नखं राखाडी, गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत ओढला जाणारा.

शोभा तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. कुणी, का, कसं, काही विचारलं नाही. हात धुतले, यंत्र लावलं. दहा मिनिटं वाफ. मग उशा, टॉवेल. उजवी बाजू, डावी बाजू, कूस, पाठीचा वरचा भाग. हाताची वाटी करून, मनगट सैल, बरगड्यांवरच, मणक्यावर नाही. मनकर्णाबाई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसून बघत होत्या. इतक्या जवळून त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिलं. त्या हातात राग शोधायला गेल्या असत्या तर सापडला नसता. त्या घडीला त्यात मायासुद्धा दिसत नव्हती, नुसतं काम दिसत होतं.

“‘हाऽ’ कर बाळा. आरशावर वाफ सोडतात तसं. हं... अजून एकदा.”

तापी खोकली, पुन्हा खोकली, तिचं सगळं अंग त्या खोकल्यात गेलं, आणि स्टीलच्या वाटीत एक घट्ट गोळा पडला. मग आणखी एक. शोभानं वाटी उजेडाकडे कलती केली. हिरवं होतं, त्यात तांबडी रेघ.

“आजच इंदूर,” ती म्हणाली. “शिरेतून औषध लागेल. दोन आठवडे.”

मनकर्णाबाईंनी खडखडाटातून ऐकू जावं म्हणून तिच्या कानाशी तोंड आणलं.

“काल दुपारी सोता खाटीवर पालथी झाली. मले म्हणे, नानी, मार ना. मम्मी मारते तशी मार. म्या हात उचलला... त माह्यानं होयेना. पोरगी म्हणे, सपाट नको, लागते, वाटीसारखा कर. मले शिकवू राह्यली ती, शोभा.” त्यांनी तापीच्या कपाळावरचे केस मागे सारले. “मंगलाच्या पाठचा माहा एक हिरामण होता. सव्वा वर्साचा, खोकत खोकत गेला. त्याचा मुका घेतला का ओठ खारट व्हायचे माहे. काल हिचा घेतला...”

शोभा पिशवीत कपडे भरत होती.

“आमच्या घरातलं आहे ना हे?”

“दोन्ही घरचं, आई. एकाकडून येत नाही. ह्यांच्याकडचंही तितकंच.”

“अन् तू वंदनीच्या लग्नापायी कागद नाही म्हणली.”

“लग्न झाल्यावर सांगणार होतो.”

“माह्या पोरीच्या हळदीसाठी तू तुही पोरगी देऊन बसली आठ दिवस?”

इथे आपण रडायला हवं, गळ्यात पडायला हवं, हे शोभाला समजत होतं. समोरची म्हातारी तर पदर तोंडात कोंबून गदगदत होती. पण शोभाच्या आत कुठलाच बांध नव्हता, म्हणून फुटला नाही. तिनं निळी फाईल कपाटातून काढून पिशवीत घातली, आणि मग परत काढून मनकर्णाबाईंच्या हातात दिली.

म्हातारीनं ती उघडली नाही. डोळे पुसले, बाहेर जाऊन मालूबाईंच्या मधल्या खिडकीपुढे उभी राहिली, आणि ओठांनी एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “मारत नव्हती ती. गलत सुनलं तुम्ही, अन् म्या मानलं. आता हे सांगजा साऱ्या गल्लीले. तेवढ्याच जोरात.” मालूबाईंनी ओठ वाचले. मग, कुणी न सांगता, त्या स्वतःच मास्तरांना शाळेतून बोलवायला धावल्या. त्या वाईट नव्हत्या, उत्साही होत्या.

इंदूरला निघण्यापूर्वी मनकर्णाबाईंनी जावयाला एवढंच सांगितलं, “रावेरले मी कळवते. लपवून लेक नाही देत मी. ते वझं हिच्या डोक्यावर ठेवून तुम्ही दाढी करत होते.” गाडीत सनावदपर्यंत तापीला मांडीवर मास्तरांनीच घेतलं, आणि बडवाहला शोभाला म्हणाले, “पुढच्या वेळेला मला शिकव.” उशीर झाला होता, पण म्हणाले.

दवाखान्यात पाचव्या दिवशी ताप उतरला. त्याच दिवशी रावेरचा निरोप आला: मुलगा म्हणतो, माझीही एक तपासणी करून घेऊ, तारीख महिनाभर पुढे नेऊ. मनकर्णाबाई ‘बरं’ म्हणाल्या आणि फोन ठेवला. चांदनीला मांडवाचं सामान परत करायचं काम त्यांनी वंदनावर सोपवलं. स्वतः गेल्या नाहीत.

त्या संध्याकाळी वाफ देऊन झाल्यावर शोभा उशा रचू लागली, तेव्हा म्हातारी मधे आली.

“सरक. आज मी करते.”

तिनं हाताची वाटी केली. पहिला हात भीत भीत पडला.

“जोरात, नानी,” तापी उशीत तोंड खुपसून म्हणाली. “हे तर गुदगुल्या झाल्या.”

मनकर्णाबाईंच्या डोळ्यांतून धार लागली, पण हात थांबला नाही. थप् थप् थप्. शोभाकडे न बघताच त्या म्हणाल्या, “माफी कशी मागतेत ते मले येत नाही, शोभा. ह्या तोंडानं कधी मागली नाही.”

“मागू नका,” शोभा म्हणाली. “थोडं वर घ्या. बरगडीच्या खाली नको.”

म्हातारीनं हात वर घेतला. शोभा भिंतीला टेकून स्टुलावर बसली. दोन्ही हात मांडीवर रिकामे पडलेले, ते कुठे ठेवायचे हे तिला सुचेना. उजवी बाजू झाली. तापीनं स्वतःच कूस बदलली. डावी बाजू अर्धी झाली तेव्हा मनकर्णाबाईंनी काही विचारायला मान वळवली, तर शोभा बसल्या जागी झोपली होती, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, लहान पोरीसारखं.

“मम्मीला उठवू?” तापी कुजबुजली.

“नको,” आजी म्हणाली. “अजून किती राह्यले, तूच सांग मले.”