पांढरी धूळ

“फाटली! दादा, पट्टी फाटली!” दुकानाशेजारच्या जिन्याच्या खिडकीतून ठिपकी किंचाळली.

सुट्टीत ती मामांकडे आली होती. मामांच्या पाट्यांच्या कारखान्यातला लोखंडी बोर्ड सकाळीच चपलांच्या नव्या दुकानावर चढला होता. भोकं पाडताना उडालेली धूळ मात्र पांढरीफटक होती! विटेत ड्रिल गेलं की लाल धूळ येते, हे मामांनीच तिला दाखवलं होतं. मग बोल्ट नुसत्या गिलाव्यात अडकलेत की काय? म्हणून तिने खिडकीतून हात काढून भिंत आणि बोर्ड जोडणारी कागदाची एक पट्टी डकवली होती. बोर्ड सरकला तरच ती फाटणार होती.

“वाऱ्याने फाटली असेल,” मामेभाऊ म्हणाला. पण त्याचाही चेहरा उतरला.

दोघं फिटरकाकांकडे धावली.

“ए शहाणे, वीस वर्षं बोर्ड लावतोय मी! पळ!”

मामांचा फोन लागेना. चारला उद्घाटन, आणि बोर्डाखाली गर्दी जमू लागलेली! ठिपकीने एक पुठ्ठा आणि लाल रंग उचलला.

“‘धोका’ असं लिहू या?”

“लोक हसतील! बाण काढ. बाण दिसला की माणूस विचारत नाही, वळतो!”

तिने पुठ्ठ्यावर लाल बाण रंगवला: ‘प्रवेश मागच्या दाराने’. पुठ्ठा बोर्डाखालच्या स्टुलावर टेकवला आणि गर्दी खरंच वळली!

“कोणाचा हा चावटपणा?” दुकानदार तावातावाने बाहेर आला आणि नेमका बोर्डाखाली उभा राहिला.

वर काहीतरी करकरलं. ठिपकीला वाटलं, पळून जावं. तरी ती पुढे झेपावली आणि तिने दुकानदाराची बाही धरली.

“दादा, ओढ!”

“अरे, सोडा! सदरा फाटेल!”

धाडकन! बोर्ड कोसळला आणि स्टुलाचा चक्काचूर झाला.

तेवढ्यात मामा आले. त्यांनी शिडीवर चढून भोकात बोट घातलं आणि ते पांढरं बोट फिटरकाकांसमोर धरलं.

“घाई केली मी. चुकलंच,” काका पुटपुटले.

दुकानदार लोंबणाऱ्या बाहीकडे बघत राहिला. “पोरांनो, दुसरी बाहीसुद्धा फाडा, माझी काही हरकत नाही!”

“मामा, मला अजून भीती वाटतेय,” ठिपकी हळूच म्हणाली.

“वाटणारच. इतकी घाबरलीस, तरी पुढे गेलीस!” मामांनी तिला जवळ घेतलं. “उद्यापासून धूळ तू बघायचीस. तू ‘लाल’ म्हणालीस, तरच बोल्ट बसणार!”